हेरल्डचं छप्पर

कॉव्हेंट्रीच्या पश्चिमेला, कॅनले भागात, हेरल्ड ॲव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. जवळपासच डॉलोमाइट ॲव्हेन्यूही आहे. आजूबाजूला ऑफिसं, गोदामं, शोरूम. नव्या माणसाला वाटावं, कुणा हौशी नगरसेवकानं ही नावं शोधून काढली असतील. पण ही दोन्ही मोटारींची नावं. इथं स्टँडर्ड-ट्रायंफ कंपनीचा कारखाना होता. १९८० मध्ये तिथली गाड्यांची जोडणी बंद पडली, पुढे इमारती पाडल्या गेल्या आणि गाड्यांची नावं रस्त्यांच्या पाट्यांवर उरली. मी कामाला याच रस्त्यानं जातो. गेली दोन वर्षं मात्र ती पाटी दिसली की जरा वेगळं वाटतं, कारण १९६४ मध्ये या कारखान्यातून बाहेर पडलेली एक हेरल्ड सध्या माझ्या गॅरेजमध्ये तुकड्यातुकड्यांत पडून आहे.

ट्रायंफ हेरल्ड १२०० कन्व्हर्टिबल. म्हणजे कापडी टप मागं घडी करून ठेवता येतो अशी, दोन दारांची. शेजारच्या वॉरिकशरमधल्या एका शेतावरच्या कोठारात ती १९८९ पासून उभी होती. टपाचं कापड उंदरांनी संपवलेलं, दारांच्या खालच्या कडा चुरा झालेल्या, आणि ड्रायव्हरच्या पायाखाली पत्रा जवळजवळ नव्हताच. तोवर माझा मोटार दुरुस्तीचा अनुभव म्हणजे बल्ब बदलणे आणि चाक बदलणे. वेल्डिंगचं यंत्र हातात धरलेलं नव्हतं. "मग हीच गाडी का?" असं घरातून विचारणा झाली. (विचारणा हा सौम्य शब्द आहे.)

त्याचं उत्तर साताऱ्यात आहे. नातेवाईक मंडळींना ही कथा पाठ आहे, त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. मे १९७१ मध्ये आई-बाबांची वरात निघाली ती मामाच्या स्टँडर्ड हेरल्डमधून, आणि मामाच्या म्हणण्याप्रमाणे त्या दिवशी गाडीला छप्पर नव्हतं. आदल्या रात्री त्यानं ते स्वतःच्या हातानं काढून ओसरीवर ठेवलं होतं. मावश्यांचं म्हणणं असं, की मामा आयुष्यभर थापा मारत आला, ही त्यातलीच एक. गाडीचं छप्पर म्हणजे काय डब्याचं झाकण आहे? आईला विचारलं तर ती म्हणते, मी मान खाली घालून बसले होते, वर छप्पर होतं की आभाळ ते मला काय ठाऊक. वाद पन्नास वर्षांहून जुना झाला. मामा आता चौऱ्याऐंशीचा आहे, आणि हल्ली तो विषय निघाला की पूर्वीसारखा भांडत नाही, गप्प बसतो. ते काही बरं वाटत नाही.

तर या गाडीचं छप्पर निघतं का, आणि निघत असेल तर का निघतं, हा प्रश्न घेऊन मी पाना हातात घेतला.

याचं उत्तर इंजिनिअरिंगमध्ये शोधायला गेलो, ते सापडलं धंद्याच्या कुरघोडीत. स्टँडर्ड ही कॉव्हेंट्रीची जुनी कंपनी, १९०३ सालची. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीला तिनं डबघाईला आलेली ट्रायंफ विकत घेतली. कंपनी इंजिनं बनवायची, गाड्या जोडायची, पण गाडीचा सांगाडा, म्हणजे पत्र्याची बॉडी, दाबून-जोडून द्यायचं काम बाहेरच्यांकडे असे. १९५३ च्या स्टँडर्ड एट या छोट्या गाडीची बॉडी फिशर अँड लडलो नावाची बर्मिंगहॅमची कंपनी बनवत होती. त्याच वर्षी ही कंपनी बीएमसीनं विकत घेतली. बीएमसी म्हणजे ऑस्टिन आणि मॉरिस यांची नुकतीच झालेली युती, अर्थात स्टँडर्डचे थेट प्रतिस्पर्धी. तुमच्या भाकरीचं पीठ दळणारी गिरणी शेजारच्या खानावळवाल्यानंच विकत घ्यावी, तसं झालं. पुढच्या नव्या गाडीचं काम तिथून मिळणार नाही हे उघड होतं.

आता हे संकट किती मोठं, ते कळायला तेव्हाची पद्धत समजून घ्यायला हवी. पन्नासच्या दशकात बहुतेक नव्या गाड्या 'मोनोकॉक' होऊ लागल्या होत्या. म्हणजे वेगळी चासी नाही. पत्र्याची पेटी हीच गाडीची ताकद. फरशी, खांब, छप्पर सगळं एकमेकांना वेल्ड केलेलं आणि प्रत्येकानं थोडा थोडा भार उचललेला. अशी पेटी बनवायला प्रचंड प्रेस लागतात आणि सगळं एका छताखाली करावं लागतं. स्टँडर्डकडे तसं छतच उरलं नव्हतं. होते ते बर्मिंगहॅम, लिव्हरपूल वगैरे ठिकाणचे लहान कारखाने, काही तिनं नंतर विकत घेतलेले. त्यांतला कुणीही अख्खी बॉडी देऊ शकत नव्हता, पण प्रत्येक जण एखादा तुकडा देऊ शकत होता.

मग कंपनीचे मुख्य इंजिनिअर हॅरी वेब्स्टर यांनी जगाच्या उलट दिशेनं पाऊल टाकलं. जुन्या पद्धतीची वेगळी चासी परत आणली. चासी खाली, आणि तिच्यावर तुकडे बोल्टनं बसवायचे. पुढची भिंत आणि फरशी हा एक तुकडा, मागचा भाग दुसरा, पुढचं अख्खं तोंड तिसरा, आणि छप्पर... तेही वेगळा तुकडा. हे रूप काढलं इटलीतल्या तुरिनच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांनी, आणि मूळ रेखाटन त्यांनी वेब्स्टर यांच्यासमोर काही मिनिटांत केलं असं सांगतात. या प्रकल्पाचं कंपनीतलं टोपणनाव होतं 'झोबो', म्हणजे याक आणि गाय यांच्या संकरातून झालेलं हिमालयातलं ओझ्याचं जनावर. अर्धं जुनं, अर्धं नवं अशा गाडीला याहून चपखल नाव मिळालं नसतं. बाजारात मात्र ती 'हेरल्ड' म्हणून आली. तेव्हाचे मॅनेजिंग डायरेक्टर ॲलिक डिक यांच्या बोटीचं ते नाव होतं म्हणतात.

एप्रिल १९५९ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गाडी लोकांसमोर आणली, तेव्हा ती स्टेजवर तुकड्यांतून जोडून दाखवली होती. जे नाइलाजानं करावं लागलं, तेच जाहिरातीचं भांडवल केलं. मला हे फार आवडलं. आपल्याकडे याला कोंड्याचा मांडा म्हणतात.

पण मांडा महाग पडला. तुकडे गावोगावहून आणायचे, ते एकमेकांशी जुळवत बसायचं, फटी सारख्या करायच्या. पहिल्या गिऱ्हाइकांनी कुरकुर आवाजाच्या आणि पाणी गळण्याच्या तक्रारी केल्या. शिवाय त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बीएमसीची मिनी आली, हेरल्डपेक्षा सुमारे दोनशे पौंडांनी स्वस्त. स्टँडर्ड-ट्रायंफ तोट्यात गेली आणि १९६१ मध्ये लेलँडनं तिला ताब्यात घेतलं. गाडी मात्र तगली. इंजिन ९४८ सीसीचं ११४७ चं झालं, पुढे १२९६ चं, आणि १९७१ पर्यंत पाच लाखांहून जास्त हेरल्ड बनल्या. भार चासीवर असल्यामुळे वरचा भाग हवा तसा बदलता यायचा. मोनोकॉकचं छप्पर कापलं तर पेटीचं झाकण नव्हे, पेटीची एक भिंतच जाते, मग खाली जाड पत्रे घालून भरपाई करावी लागते. हेरल्डला तो त्रास जवळजवळ नव्हता. म्हणून १९६० मध्येच कन्व्हर्टिबल आली, मागोमाग इस्टेट आणि मालवाहू व्हॅनही.

असो. इतिहास पुरे, गंजाकडे येऊ.

शिकाऊ माणसासाठी ही गाडी म्हणजे कृपाच आहे. पुढचं बॉनेट, मडगार्डं, दिवे हे सगळं एकाच तुकड्यात पुढच्या बाजूला उलटतं, आणि तुम्ही चक्क चाकावर बसून इंजिनाचं काम करू शकता. संध्याकाळच्या वेल्डिंग वर्गाला नाव घातलं. पहिले दोन महिने भंगारातल्या पत्र्यावर हात बसवण्यात गेले. पातळ पत्र्यावर यंत्र अर्धा सेकंद जास्त रेंगाळलं की भोक पडतं, आणि भोक बुजवायला जावं तर शेजारी दुसरं पडतं. दरम्यान गाडी उघडत गेलो. प्रत्येक जोडाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव. साठ वर्षं जाम बसलेला बोल्ट तेल पाजून, तापवून, पुन्हा तेल पाजून, दुसऱ्या दिवशी सुटतो तेव्हा जो 'टक्' आवाज येतो, तो ऐकायला आमची मुलगीसुद्धा शाळेचा अभ्यास टाकून येते.

गंज वरून दिसतो तो काहीच नाही. लोखंडाचा गंज झाला की त्याची जागा वाढते, तो फुगतो. दोन पत्रे एकमेकांवर बसवलेले असतील तर मधला गंज त्यांना पाचरीसारखा फाकवतो, आणि नव्या फटीत आणखी पाणी जातं. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. ते खारं पाणी चाकांनी उडतं आणि चासीच्या पोकळ नळ्यांत जाऊन बसतं. कन्व्हर्टिबलला वरूनही पाणी: टप गळतो, गालिचा भिजतो, आणि त्याच्याखालचा पत्रा कधी वाळतच नाही. म्हणजे दोन्हीकडून.

हेरल्डची चासी माशाच्या काट्यासारखी आहे. मधोमध दोन मजबूत नळ्या, आणि त्यांना दोन्ही बाजूंनी आडवे हात. त्या हातांवर बॉडी टेकते. माझ्या गाडीच्या मधल्या नळ्या हातोडीनं वाजवल्या तर खणखणीत, पण आडव्या हातांपैकी चार नुसते रंगाच्या जिवावर उभे होते. एक अनुभवी वेल्डर येऊन, बॅटरी मारून, सगळं बघून गेला. "तुम्ही धाडसी आहात," म्हणाला. इंग्रज माणूस 'धाडसी' म्हणतो तेव्हा त्याला दुसराच शब्द म्हणायचा असतो. त्याचा सल्ला होता, ही मोडून सुटे भाग विका, नाहीतर दुसऱ्या हेरल्डची बरी चासी आणून तिच्यावर ही बॉडी चढवा.

बोल्टची गाडी आहे, चासी बदलणं सहज शक्य होतं. पण याच सोयीनं हजारो हेरल्ड मारल्या आहेत. सत्तर-ऐंशीच्या दशकात इथं घरी गाडी बनवण्याच्या 'किट कार'ची लाट आली होती. हेरल्ड भंगाराच्या भावात मिळायची. बॉडीचे बोल्ट सोडायचे, ती फेकायची, आणि चासीवर फायबरची, तीसच्या दशकातली वाटेल अशी स्पोर्ट्स बॉडी बसवायची. जिच्या चासीवर चटकन दुसरं काही चढवता येतं, ती गाडी चटकन संपतेही. शेतावरच्या कोठारात ही माझी गाडी वाचली ती केवळ कुणाचं तिच्याकडे लक्ष गेलं नाही म्हणून. आणि चासी गेली तर 'इथं कॅनलेत १९६४ मध्ये बनली' असं म्हणायला नेमकं काय उरलं असतं? दारं आधीच दुसऱ्या गाडीची आहेत.

म्हणून चासी ठेवली. एका वेळी एकच हात कापायचा, नवा बसवायचा, मापं घ्यायची, मगच दुसऱ्याला हात लावायचा. सगळे एकदम कापले तर मोजायला आधारच राहत नाही आणि चासी पिळवटते. तसंच बॉडी उचलण्याआधी दारांच्या मोकळ्या जागेत लोखंडी पट्ट्या आडव्या वेल्ड केल्या, कारण छप्पर नसलेली बॉडी मधून दुमडू शकते. पहिल्या हाताला तीन आठवडे लागले, चौथ्याला दोन संध्याकाळी. तो वेल्डर पुन्हा येऊन गेला. या वेळी काही बोलला नाही, पण त्यानं चहा घेतला.

आता मद्रास. १९४८ मध्ये तिथं स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी निघाली, कॉव्हेंट्रीच्या कंपनीशी भागीदारीत. नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्या परदेशी कंपन्यांना सरकारनं १९५३ मध्ये दार दाखवलं. मुंबईत शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणारी जनरल मोटर्स त्यातच गेली. जे हळूहळू सगळे भाग देशातच बनवतील, ते राहतील असा नियम झाला. अशा ठिकाणी हेरल्डसारखी गाडी सोयीची. कॉव्हेंट्रीनं ती तुकड्यांत का केली, तर मोठे प्रेस हाताशी नव्हते म्हणून. मद्रासलाही एक एक तुकडा देशी करत जाणं हेच जमण्यासारखं होतं. १९६१ मध्ये तिथं हेरल्ड सुरू झाली, ९४८ सीसीचं इंजिन घेऊन. इंग्लंडमध्ये स्टँडर्ड हे नाव १९६३ मध्ये मोटारींवरून गेलं, कारण 'स्टँडर्ड' म्हणजे 'साधी, स्वस्तातली' असा अर्थ लोक घेऊ लागले होते. आपल्याकडे मात्र तेच नाव दिमाखात चाललं. पुढे चार दारांची आली, आणि १९७२ ची गझेल. तिला मागं सरळ अखंड ॲक्सल दिला होता, कारण दोन्ही मागची चाकं सुटी हलवणारी हेरल्डची व्यवस्था आपल्या मेकॅनिक मंडळींना पसंत नव्हती. मामाची गाडी त्याच्या आधीची, १९६४ ची, दोन दारी. म्हणजे बॉडी हीच, जोड हेच.

तरी खात्री हवी होती. माझी कन्व्हर्टिबल असल्यामुळे तिला काढायला छप्परच नाही. इथल्या ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांकडे छपराची हेरल्ड आहे आणि उन्हाळ्यात ते ते उतरवून ठेवतात. मागच्या जूनमध्ये मी मदतीला गेलो. आतलं अस्तर सैल करायचं, पुढच्या काचेच्या चौकटीपाशी आणि मागच्या बाजूला बोल्ट सोडायचे, आणि मागच्या काचेसकट अख्खं छप्पर वर उचलायचं. दीड तासात आम्ही ते भिंतीला टेकवलं. वजनापेक्षा आकार त्रास देतो, जिन्यातून लाकडी पलंग नेताना देतो तसा. एकट्याचं काम मात्र नव्हे, हे तिथंच कळलं.

मग मावशीकडचा तो एकुलता एक फोटो मागवला, मोठा करून पाहिला. इतकी वर्षं सगळे त्यातली माणसं बघत होते. मी गाडी पाहिली. हारांच्या मागून हेडलाइटवरच्या 'भुवया' दिसतात, तेव्हा "ती कुणाची तरी जीप होती" हा मावशीचा मुद्दा निकालात निघाला. मागच्या सीटवर एक पोरगा उभा आहे आणि त्याचं डोकं काचेच्या चौकटीच्या पुष्कळ वर आहे. आणि त्याच्या मागं घडी केलेल्या टपाचा ढीग नाही, नुसती सपाट पत्र्याची कड आहे. म्हणजे ती मुळात कन्व्हर्टिबल नव्हती. छप्पर होतं, आणि ते काढलेलं होतं.

मामाला हल्ली फोटो दिसत नाहीत, म्हणून फोनवर सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग मी म्हटलं, "पण मामा, स्वतःच्या हातानं हे काही खरं नाही. दोन माणसं लागतात." त्यावर तो हसला आणि पन्नास वर्षांत कुणाला न सांगितलेलं सांगितलं. "अरे, कोपऱ्यावरचा सायकलवाला होता की. त्याला कसं विसरेन? छप्पर परत बसवलं तर जोडावरचं रबर फाटलेलं. जूनचा पहिला पाऊस आला तो थेट तुझ्या आजोबांच्या टोपीवर. मग त्यानंच जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून दिल्या, त्या घातल्या मी." जोडातून पाणी गळण्याची तक्रार तर इंग्लंडातल्या पहिल्या गिऱ्हाइकांनीही केली होती. ती साताऱ्यात बसून मामाला कुठून कळणार? माझ्या लेखी हा फोटोपेक्षाही मोठा पुरावा.

मावश्यांना रीतसर कळवलं आहे. धाकटीनं मान्य केलं. थोरली म्हणते, सायकलवाला गेला, आता कोण विचारायला जाणार आहे. आईनं मात्र शांतपणे सांगितलं, "तरीच एवढी धूळ डोळ्यांत जात होती."

चासीला आता रंग लागला आहे. मागचा भाग पुढच्या महिन्यात तिच्यावर चढवायचा, मग दारांच्या फटी जुळवायच्या, आणि सगळ्यात शेवटी टप. टपाचं कापड आणून ठेवलंय. मागच्या जोडाचं रबरही आलं आहे, पण ते किंचित आखूड आहे, बदलून घ्यावं लागेल. सायकलच्या दोन जुन्या ट्यूब मी फेकायच्या थांबवल्या आहेत.